काठावरच्या मुलांचा तास : कॉलेजातला क्रीडा-तंदुरुस्तीचा वर्ग कसा घ्यावा

काही वर्षांपूर्वी एका गुरुवारी मी स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या कडेला बसलो होतो. मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. म्हणजे १२ जण खेळत होते आणि उरलेले ३६ जण आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत उभे होते. त्या ३६ जणांतली एक मुलगी मी मनाशी निवडली आणि पाऊण तास फक्त तिच्याकडे बघत राहिलो. तिचा चेंडूला चार वेळा हात लागला. त्यातल्या दोन वेळा चेंडू कुंपणाच्या घाणेरीत गेला होता आणि तो आणायला ती गेली होती. हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढे दोन तास भरले.

तेव्हापासून माझं मोजमाप एकच आहे. जो काठावर उभा आहे, तो किती मिनिटं हलला? संघातली पोरं तुमच्याविना खेळणारच आहेत, त्यांना संध्याकाळी मैदान आणि चेंडू मिळाला की झालं. वर्ग असतो तो बाकीच्यांसाठी.

हा लेख नवीन रुजू झालेल्या क्रीडा संचालकांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्या प्राध्यापकांसाठी, ज्यांचा विषय अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्र आहे पण वर्कलोड कमी पडला म्हणून ‘सर, सीसी (म्हणजे सहअभ्यासक्रम) तुमच्याकडे’ असं सांगून ज्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली गेली आहे. घाबरू नका. चांगला खेळाडू असण्याची गरज नाही, चांगली आखणी करणारा असलात की पुरे.

आधी कागद आणि वेळापत्रक

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची क्रेडिटची (श्रेयांकांची) चौकट २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने आली. तिच्यात एनसीसी, एनएसएस, योग, कला यांच्या जोडीने क्रीडा आणि तंदुरुस्ती हाही सहअभ्यासक्रमाचा भाग झाला. पूर्वी जिमखान्याचा तास म्हणजे ‘ऑफ’ समजला जायचा, आता त्याला गुण आहेत. तपशील विद्यापीठागणिक बदलतो, म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या विद्यापीठाची अभ्यासक्रम पुस्तिका उघडून तास, गुण आणि मूल्यमापन या तीन गोष्टी वहीत उतरवून घेणं. शेजारच्या कॉलेजात काय चालतं यावर जाऊ नका.

साधा हिशोब असा. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास, म्हणजे १५ आठवडे रोज नाही पण आठवड्याला चार तास. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात गणपती, अंतर्गत परीक्षा, युवा महोत्सव आणि मुसळधार पावसाचे दिवस वजा केले की १२-१३ आठवडेच हातात राहतात. म्हणून मी ५० तास मैदानावर धरतो आणि १० तास दोन बाहेरच्या उपक्रमांसाठी राखतो : एक गडावरची चढाई आणि एक दिवसभराची आंतरवर्गीय खेळांची जत्रा. या १० तासांना प्राचार्यांची लेखी मान्यता सेमिस्टर सुरू होण्याआधी घ्यायची. नंतर मागायला गेलात तर ‘रविवारचे तास कसे धरता येतील?’ या प्रश्नापासून फाईल फिरायला लागते.

वेळापत्रक करणाऱ्यांशी मात्र भांडा. एकेका तासाचे चार तुकडे घेऊ नका, दोन तासांचे दोन सलग घ्या. एक तासाच्या तुकड्यात दप्तर ठेवणं, बूट बांधणं, हजेरी आणि परत लेक्चरला पळणं यात २५ मिनिटं जातात. दुसरं म्हणजे दुपारी बारा ते दोन ही वेळ कोणत्याही ऋतूत स्वीकारू नका. सकाळी साडेसात ते साडेनऊ उत्तम, फक्त त्याआधी मुलं कोणत्या एसटीने येतात ते विचारा. आमच्याकडे एका वर्षी तास सव्वासातला ठेवला आणि तीन गावांची मिळून ११ मुलं पहिला महिनाभर रोज उशिरा. गाडीच सातला सुटत होती.

पहिला आठवडा : खेळ नाही, ओळख

पहिल्या दिवशी चेंडू बाहेर काढायचा नाही. एक पानाचा अर्ज द्या, मराठीत. व्यायाम करताना छातीत दुखतं का, कधी चक्कर येऊन पडलात का, दमा आहे का, फिट (आकडी) येते का, गेल्या वर्षभरात ऑपरेशन किंवा हाड मोडलं का, गुडघा-घोटा वारंवार मुरगळतो का, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं आहे का. यातल्या कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत त्या मुलाला जोराचा व्यायाम द्यायचा नाही. दमा असलेल्याने आपला पंप दप्तरात न ठेवता मैदानावर माझ्या डब्यात ठेवायचा, हा नियम.

विदर्भात, नंदुरबारकडे किंवा मेळघाटात शिकवत असाल तर एक प्रश्न हमखास वाढवा : सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का? राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ला सुरू झाल्यापासून बऱ्याच मुलांकडे तपासणीचं कार्ड असतं. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला पाणी कमी पडणं, थंडी आणि अतिश्रम यांतून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. जो नुसता वाहक आहे तो एरवी धडधाकट असतो, पण सवय नसताना उन्हात जीव तोडून पळवलं तर त्यालाही धोका आहे. अशा मुलांना वर्गाबाहेर बसवायचं नाही. त्यांना घड्याळ लावून पळवायचं नाही, पाणी आणि विश्रांती मागेल तेव्हा द्यायची, इतकंच.

भरलेले अर्ज कुलपात. वर्गासमोर मोठ्याने वाचून ‘कुणाला काय आहे’ विचारणारे सर मी पाहिलेत, म्हणून सांगतो.

मुलींच्या बाबतीत एक छोटी युक्ती फार उपयोगी पडली. हजेरीच्या टेबलावर पिवळ्या पुठ्ठ्याची १५-२० कार्डं ठेवतो. ज्याला ‘हलका दिवस’ हवा त्याने, मुलगा असो की मुलगी, एक कार्ड उचलून खिशात घालायचं. कारण सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. कार्ड असलेल्याने चालायचं, ताण द्यायचे, गुणफलक सांभाळायचा. महिन्याला तीन कार्डं चालतात. हे सुरू केल्यापासून ‘सर, आज पोट दुखतंय’ असं कुजबुजत कडेला जाऊन बसणं जवळजवळ थांबलं, आणि ज्या मुली पाळीच्या दिवसांत गैरहजरच राहायच्या त्या यायला लागल्या.

अर्जात शेवटचा प्रश्न असतो, सकाळी काय खाऊन येता. उत्तरं वाचून वाईट वाटतं. ‘चहा’ हे सगळ्यात जास्त येणारं उत्तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे समोर ३० मुली असतील तर त्यातल्या निम्म्यांना धाप लागते ती आळसामुळे लागत नाही, हे गृहीत धरूनच शिट्टी वाजवायची. मी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा किंवा एक केळं, तासाच्या अर्धा तास आधी, असा गृहपाठ देतो. पूर्वी माझ्या तासाला एक पोरगा रिकाम्या पोटी दहा चकरा मारून माझ्या पायाशीच कोसळला होता. साखरपाण्याने उठला, पण ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही.

दुसरा आठवडा : पायरी, घड्याळ आणि नाडी

आता सुरुवातीची नोंद. महागडं यंत्र लागत नाही. सभागृहाच्या स्टेजची किंवा पॅव्हेलियनची साधारण ४१ सेंटिमीटर उंचीची पायरी शोधा. कमी भरली तर पायरीवर फरशी टाका. फोनवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं, फुकट ॲप घ्या. मुलांसाठी मिनिटाला ९६ ठोके, मुलींसाठी ८८. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल : वर, वर, खाली, खाली. तीन मिनिटं. थांबल्यावर पाच सेकंद सोडून पुढची १५ सेकंदं मनगटावर नाडी मोजायची आणि चारने गुणायचं.

ही क्वीन्स कॉलेज पायरी चाचणी. हिच्यावरून शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज निघतो. मुलांसाठी १११.३३ मधून नाडीची ०.४२ पट वजा करायची, मुलींसाठी ६५.८१ मधून ०.१८४७ पट. एखाद्या मुलीची नाडी १६० भरली तर उत्तर येतं सुमारे ३६.३, म्हणजे किलो वजनामागे मिनिटाला इतके मिलिलीटर. हे गणित मुलांनाच करू द्या. गणिताच्या नावाने पळणारी पोरं स्वतःच्या नाडीचं गणित मात्र दोनदा तपासून बघतात.

नाडी सापडत नाही ही पहिल्या दिवसाची मुख्य अडचण. अंगठ्याने शोधू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते. तर्जनी आणि मधलं बोट, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला. ज्याला तरीही मिळत नाही त्याची जोडीदाराने मोजावी.

याशिवाय तीन गोष्टी नोंदवतो : भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं किती सेकंद बसता येतं, डोळे मिटून एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, आणि सलग किती सूर्यनमस्कार न थांबता होतात. केनेथ कूपरची १२ मिनिटांची धावण्याची चाचणी प्रसिद्ध आहे, पण ती दुसऱ्या आठवड्यात घेऊ नका. चार-पाच आठवडे पाय मोकळे झाल्यावर घ्या. अंगात काही नसताना पोरं ईर्षेने पळतात आणि कडेला जाऊन ओकतात.

वजनकाटा मी मैदानावर आणतच नाही. ज्याला वजन बघायचं आहे तो बघेलच. पन्नास जणांच्या रांगेत आकडा मोठ्याने सांगितला की एक-दोन मुली पुढच्या तासापासून गायब होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या आकड्यांना गुण नाहीत. गुण लावले की पुढच्या खेपेला नाडी खोटी लिहिली जाते.

दोन तास कसे भरायचे

दोन तासांतले शंभर मिनिटं खरी. माझी वाटणी ठरलेली आहे, पण घड्याळाला बांधलेली नाही.

सुरुवात रांगेने करू नका. ‘एक साथ सावधान’ म्हणून हात-पाय ताणत उभं राहण्यात अंग गरम होत नाही. साखळीची शिवाशिवी लावा. चाळीस मुलं, अर्धं मैदान, दोघं राज्य घेतात, सापडेल तो हात धरतो, साखळी चार जणांची झाली की दुभंगते. सहा मिनिटांत सगळ्यांचे श्वास वाढलेले असतात, आणि अठरा वर्षांची झालेली, मोबाईल खिशात घालून आलेली ‘सीनियर’ पोरं किंचाळत पळत असतात. मग चार-पाच मिनिटं सांधे मोकळे करणं : घोटे, कंबर, खांदे. ताण देऊन स्थिर राहण्याचे प्रकार शेवटी घ्यायचे.

त्यानंतर २० मिनिटं ताकद. इथे आपल्या तालमीचं शहाणपण उपयोगी येतं. बैठक आणि जोर यांना साहित्य लागत नाही, जागा हातभर लागते. फक्त सगळ्यांना जमिनीवरचा जोर सांगू नका. पायऱ्या ठेवा : आधी भिंतीवर हात टेकून, मग पॅव्हेलियनच्या कट्ट्यावर, मग गुडघे टेकून, मग पूर्ण. प्रत्येकाने आपली पायरी निवडायची आणि ती सलग बारा वेळा नीट झाली की पुढे सरकायचं. सूर्यनमस्कार घेताना घाई करू नका. बारा स्थितींपैकी साष्टांगाच्या स्थितीत बहुतेकांचं पोट आधी आपटतं. तिथे थांबून दाखवा : गुडघे, छाती, कपाळ टेकलेलं, पोट उचललेलं. सहा चांगले नमस्कार पंचवीस वेड्यावाकड्यांपेक्षा बरे.

मग ४० ते ४५ मिनिटं खेळ. त्याबद्दल पुढे सविस्तर. शेवटची दहा मिनिटं सावलीत बसून ताण, पाणी आणि वहीत एक ओळ.

व्यायाम किती जोराचा चाललाय हे ओळखायला यंत्र नको. पळता पळता मुलाला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर तो मध्यम. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तर जोराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांनुसार १८ ते ६४ वयात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम हवा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा. तुमच्या पहिल्या वर्षात काही मुलं १७ वर्षांची असतात, त्यांना तर सरासरी रोज ६० मिनिटं सांगितली आहेत. आठवड्याच्या चार तासांत खरं हलणं दोन-अडीच तास झालं तरी तुम्ही मोठं काम केलंत.

खेळ निवडायचे कसे

कसोटी सोपी : कुठल्याही क्षणी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवा आणि मोजा. निम्म्याहून कमी मुलं हलत असतील तर खेळ बदला किंवा त्याचा आकार बदला.

या कसोटीवर क्रिकेट पहिल्याच चेंडूला बाद. दोघे फलंदाज, एक गोलंदाज, आणि सीमारेषेवर उभा असलेला तुमचा कॉमर्सचा विद्यार्थी गवत उपटतोय. पोरं रुसतील, रुसू द्या.

खो-खोबद्दल मात्र मन दुखतं. हा खेळ आपला. त्याचे पहिले लेखी नियम १९१४मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यावर ठरले, आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. पण नियमाप्रमाणे डाव लावा आणि मोजा. पाठलाग करणाऱ्यांतले आठ जण चौकोनात बसलेले, एक धावतोय, तीन पळतायत. मैदानावरचे १२ आणि त्यातले हलणारे चार. उरलेला वर्ग बाहेर. म्हणून वर्गात खो-खोचे तुकडे करा. फक्कीने एक मीटरभर अंतरावर चार चौकोन आखा, चार बसलेले, एक धावणारा, एक पळणारा, ४५ सेकंदांचा डाव. अशा आठ ओळी आखल्या की ४८ मुलं एकाच वेळी गुंतली. बसलेल्यालाही दर काही सेकंदांनी ‘खो’ मिळतो. तीन आठवड्यांनी ज्यांना गोडी लागली त्यांना पूर्ण मैदान आखून द्या.

व्हॉलीबॉलचंही तेच. सहा-सहाचा संघ नको, तीन-तीनचा करा. जाळं एकच असेल तर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर बांधा, त्यावर जुन्या ओढण्या टाका, आणि सहा छोटी मैदानं मिळाली. चामड्याचा चेंडू नको, हात लाल होतात आणि नवखी मुलं डोळे मिटून मागे सरतात. हलका रबरी चेंडू घ्या आणि एक टप्पा पडला तरी चालेल असं सांगा. माझ्या त्या घाणेरीतल्या मुलीला असल्या डावात मी नंतर मोजलं होतं. दहा मिनिटांत ३१ वेळा चेंडूला हात.

कबड्डी घ्यायची तर गुडघ्यांची काळजी. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८, आणि खाली मॅट नसेल, मुरूम असेल, तर पकड बंद. फक्त स्पर्शावर खेळवा : चढाई करणाऱ्याने शिवलं की बाद, बचाव करणाऱ्यांनी दोन्ही हातांनी पाठीला शिवलं की चढाई बाद. ३० सेकंदांची चढाई, ‘कबड्डी कबड्डी’चा दम, चपळाई, सगळं शाबूत राहतं. मुलगे-मुली मिसळूनही खेळता येतं.

लगोरी हा माझा लाडका. सात चपटे दगड किंवा फरशीचे तुकडे आणि टेनिसचा चेंडू, आठ-आठ जण. यात ताकदवान मुलाचा फारसा फायदा नाही. शांत डोक्याने लगोर रचणारी मुलगी डाव जिंकून जाते. टेनिकॉइटची रिंग स्वस्त आणि सोपी. फ्लाइंग डिस्क (फ्रिस्बी) आणलीत तर सुरुवातीचे दोन तास ती झाडावरच असते, नंतर मात्र खेळ मस्त जमतो, आणि त्यात पंच नसतो हे शिकण्यासारखं आहे.

आणि लेझीम. दोन्ही हातांत लेझीम, एक हलगी, चाळीस जण एकाच वेळी, चेंडू नाही, हार-जीत नाही, कुणी कुणाकडे बघत नाही कारण प्रत्येकाचं लक्ष पुढच्या आवाजावर. सगळ्या खेळांना नाही म्हणणाऱ्या मुली इथे येतात. स्थूल मुलं येतात, कारण पळावं लागत नाही आणि तालाचं त्यांना उलट जास्त कळतं. ‘चार आवाज’पासून सुरू करा, ते अंगात बसायला दोन तास लागतात, मग ‘एक जागा’, ‘पवित्रा’, ‘दोन रुख’. वाकून उठण्यात मांड्या अशा भरून येतात की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोरं तुमचं नाव घेतात. शिकवायला गावातला एखादा जुना लेझीमवाला बोलवा. पैसे मागत नाहीत, मान मागतात. हलगी वाजवणाऱ्याला मात्र बिदागी द्या, आणि तिची तरतूद अंदाजपत्रकात आधी करून ठेवा.

एखादा विद्यार्थी काठीवर चालत असेल, कमी दिसत असेल, तर त्याला गुणलेखक करून मोकळे होऊ नका. त्यालाच विचारा. आमच्याकडच्या एका मुलाने सांगितलं, ‘सर, मला बसून चेंडू टाकता येतो.’ मग पूर्ण वर्गाने बसून व्हॉलीबॉल खेळलं, दोर खाली बांधून. त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण त्याचे, कारण बसून सरकण्याची सवय त्यालाच होती.

ऊन, पाऊस, अपघात

पावसाळ्यात शेवाळलेल्या बॅडमिंटन कोर्टापेक्षा चिखलाचं मैदान बरं, पडलं तरी हाड वाचतं. सभागृह मिळालं तर दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, लेझीम. आकाशात गडगडलं की मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणीही परत जायचं नाही. झाडाखाली तर नाहीच.

मार्चनंतर साडेनऊच्या पुढे मैदानावर राहू नका. दर १५ मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. मुलगा उन्हात असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ला फोन. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

घोटा मुरगळला तर चोळायचं नाही. आपल्याकडे लगेच कुणीतरी बाम काढतं. बर्फ रुमालात गुंडाळून १५ मिनिटं, पट्टी, पाय उंच. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे.

कुणी कोसळला, हाक मारून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर वाट बघू नका. एकाने १०८ला फोन करायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दाबायला लागायचं : मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दाब सोडल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे वाचून येत नाही. तालुक्याच्या रुग्णालयातून कुणाला तरी बोलावून तिसऱ्या आठवड्यात एक तास त्यालाच द्या, आणि उशीवर सगळ्यांकडून करून घ्या. माझ्या मते सेमिस्टरमधला हा सगळ्यात मोलाचा तास.

साहित्य आणि डेड स्टॉक

पन्नास मुलांसाठी माझी यादी : दहा रबरी चेंडू, बारा रिंगा, वीस दोऱ्या, चाळीस लेझमा, सहा टेनिसचे चेंडू, फक्कीची दोन पोती, लांब नायलॉन दोर, दोन शिट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी. कोन विकत घ्यायची गरज नाही, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरली की झालं. चेंडू फुटतात, ते खर्चिक वस्तूंत दाखवा, डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवू नका. एकदा चढवले की फुटलेला चेंडू निर्लेखित करून घ्यायला तुम्ही निवृत्त व्हाल. मी आधी जिथे होतो तिथे नवीन कोरे चेंडू कॉलेजच्या तपासणीला समिती येणार म्हणून कपाटात ठेवलेले होते. समिती आली, कपाट बघून गेली, चेंडू तसेच. तीन वर्षांनी काढले तेव्हा रबर चिरलं होतं.

गुण

विद्यापीठाने विभागणी दिली असेल तर तीच. कॉलेजवर सोडली असेल तर माझा ५० गुणांचा कल असा : सहभाग २०, स्वतःत झालेला बदल समजावून सांगणं १०, गटाने एक तास घेणं १०, आठवड्याची नोंद १०. रंगीत पेनाने काढलेलं कबड्डीचं मैदान आणि नेटवरून उतरवलेला इतिहास असलं जर्नल मी बंद केलं. त्याऐवजी आठवड्याला चार ओळी. एका मुलाने लिहिलं होतं, ‘सोमवारी एसटी चुकली म्हणून फाट्यापासून चालत आलो, ४० मिनिटं. आधी राग आला. मग मोजलं तर ही तुमची मध्यम हालचालच निघाली.’ दहापैकी दहा.

‘गटाने तास घेणं’ म्हणजे सहा जणांनी शेवटच्या महिन्यात वर्गाला २५ मिनिटं खेळवायचं. त्यांचं मोजमापही तेच, हलणाऱ्यांची संख्या. कडेला बसलेला एखादा कॉम्प्युटरचा विद्यार्थी स्टॉपवॉच घेऊन मोजतो आणि फळ्यावर लिहितो.

गडाची चढाई बाराव्या आठवड्याच्या आसपास. आठवडाभर आधी स्वतः चढून वाट बघून या, २० मुलांमागे एक शिक्षक, सगळ्यात हळू चालणारा पुढे. हो, पुढे. तो मागे राहिला की त्याला कुणी विश्रांती देत नाही, सगळे थांबून त्याची वाट बघतात आणि तो पोचला की निघतात.

शेवटच्या आठवड्यात पायरी चाचणी पुन्हा घ्या, तोच ठोका, तीच पायरी. आणि जाता जाता साहित्याच्या खोलीची दुसरी किल्ली करून ती मुलांपैकी दोघांकडे द्या, एक मुलगा, एक मुलगी. संध्याकाळी पाच ते साडेसहा. रजिस्टर दाराला दोरीने बांधलेलं : काय नेलं, कोणी नेलं, कधी परत. गेल्या सेमिस्टरचं रजिस्टर मी परवा चाळलं. सुट्टी लागल्यानंतरच्या पानावरही रिंगांच्या नोंदी आहेत, आणि एक लेझीम अजून परत आलेली नाही.